जन्मसालची वाइन

यंदाच्या पिपातला पहिला घोट बागवाल्याने जिभेवर फिरवला आणि पचकन बादलीत थुंकला. ओल्या गोणपाटाची चव. नवल कसलं? फुलोऱ्याच्या वेळी थंडी, मणी भरायच्या वेळी ढग आणि ऐन तोडणीच्या तोंडावर सलग एकवीस दिवस पाऊस. घडाला हात लावला की बोटं बुरशीने करडी व्हायची.

तळघराच्या पायरीवर त्याचा मुलगा लेबलं चिकटवत होता. बारा बाटल्या, आपल्या दोन महिन्यांच्या मुलीसाठी. मूल ज्या साली जन्मेल त्या सालची वाइन राखून त्याच्या लग्नात उघडायची, ही घरची रीत. पण बाटल्या गेल्या सालच्या होत्या. लेबलावर साल तेवढं यंदाचं.

"हे काय चाललंय?"

"बाबा, यंदाची ठेवली तर लग्नात पाहुणे तोंड वाकडं करतील. गेल्या सालची झकास आहे. कोणाला कळतंय?"

बागवाल्याला शिसारी आली. सबंध तोडणीत बुरशीची आली नव्हती एवढी.

"लाज नाही वाटत? पोरीला अजून मान धरता येत नाही आणि तू तिच्याशी लबाडी सुरू केलीस? पावसात जन्मली ना, मग पावसाचीच पिईल!"

तो तरातरा आत गेला आणि स्वतःच्या जन्मसालची शेवटची बाटली घेऊन आला. एकसष्ट वर्षांची. लेबल उलटं लागलेलं. तू झालास त्या आनंदात हात चुकला, असं वडील सांगायचे, आणि ते तो आल्यागेल्याला ऐकवायचा.

"ही बघ. माझ्या वडिलांनी जसं साल तशी ठेवली. साल उन्हाचं निघालं, हे माझं नशीब." त्याने बूच काढून दोन पेले भरले.

वाइन अजूनही सुरेख होती. मुलाने मान खाली घातली आणि लेबलाचं टोक नखाने सोलायला घेतलं. बागवाल्याने समाधानाने दुसरा घोट घेतला.

कोपऱ्यात त्याची म्हातारी आत्या बाटल्या पुसत बसली होती. तिने फडकं खाली ठेवलं.

"कसलं ऊन रे? तू झालास त्या साली गारांनी वेलीवर पान ठेवलं नव्हतं. दादा म्हणाला, पोराच्या लग्नात काय गारा वितळवून वाढू? ती लेबलं मी चिकटवली. दहा वर्षांची होते. एक उलटं लागलं म्हणून दादाने धपाटाही घातला."

मुलाचं नख जागीच थांबलं.

"बाबा, काढू की राहू दे?"

बागवाल्याच्या तोंडात घोट तसाच होता. गिळवेना. बादली पायाशीच होती, पण थुंकवेनाही.