दिव्याचे पान

खंड टेबलावर ठेवताना बाइंडरने तो मुद्दाम जरा जोरात ठेवला. चांगल्या बांधणीचा आवाज पोकळ येत नाही, हे मंडळींना कळायला हवे होते.

मंडळी तीनच. त्याची मुलगी, भूमिती शिकवणारा एक मास्तर, ज्याला सगळे 'कोन' म्हणत, आणि इस्पितळातून ड्यूटीच्या पोशाखातच आलेली सिस्टर. तिघांनाही एका जपानी मंगाचे वेड होते. काळ्या चिलखतातल्या योद्ध्याची ती भीषण, अंधारी चित्रकथा. दरवर्षी एकत्र बसून ती पुन्हा पहिल्यापासून वाचायची, असा त्यांचा नेम. यंदा बैठक प्रथमच बाइंडरच्या दुकानात, खळीच्या वासात आणि कात्रणांच्या ढिगाशेजारी भरली होती.

आई गेली त्या वर्षी मुलीने ही कथा हाती धरली. "चित्रांची पुस्तकं वाचायला तू काय लहान आहेस?" असे बाप तेव्हा बोलून गेला, आणि त्यानंतर तिने या विषयावर घरात अवाक्षर काढले नाही. पुढे ती वेगळी राहू लागली. येई, जेवून जाई. पण तिचे हे मित्र, हे वाचन, हा हसण्याखिदळण्याचा भाग उंबऱ्याबाहेर राहिला. म्हणून खिळखिळा झालेला जाडजूड खंड पुढे करून "जमेल का?" असे तिने विचारले, तेव्हा बाइंडरने मनाशी ठरवले की तो नुसता बांधायचा नाही, वाचायचाही. या टेबलाशी आपल्यालाही एक खुर्ची मिळाली पाहिजे.

पुठ्ठे गळून गेले होते. जाहिरातींची आणि सूचनांची फाटकी पाने त्याने शिरस्त्याप्रमाणे काढून टाकली, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, नव्याने शिवले, काळे कापड चढवले आणि दर्शनी पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत नाव उमटवले. पानांवर आकडे घालण्याइतकीही अक्कल छापणाऱ्याला नव्हती, तेव्हा क्रम बिघडू नये म्हणून त्याने डोळ्यांत तेल घातले. मग तो वाचायला बसला. संवाद थोडे आणि तेही कोड्यासारखे. पडलेली माणसे उठून उभी राहत, जखमा आपोआप मिटत. पण "त्यात जादू आहे बाबा, तर्क लावू नका," असे मुलीनेच बजावले होते. त्याने लावला नाही.

मुलीने सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवले. खंड पालथा करून मागचा कोरा पुठ्ठा पाहिला, पुन्हा सरळ केला.

"सुंदर झालंय, बाबा," ती म्हणाली.

कोन काहीतरी बोलणार होता. टेबलाखाली त्याच्या पायावर कुणाचा तरी पाय पडला असावा, कारण तो उगाचच खोकला.

वाचनाआधी प्रत्येकाने एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे, ही त्यांची जुनी पद्धत होती. हा माणूस शेवटी सुटतो की नाही? कोन म्हणाला, मुळीच सुटत नाही. त्याच्याजवळचे एकेक करून सगळे जाते, इतके काळेकुट्ट दुसरे काही त्याच्या वाचनात नाही. सिस्टरने मान डोलावली. आपणही आजवर 'नाही'च म्हणत आलो, असे मुलीने सांगितले.

बाइंडरने घसा साफ केला. "माफ करा, पण तुम्ही पुस्तक नीट वाचलेलं नाही."

"काका, मला पाठ आहे ते," कोन हसला.

"मग चुकीचं पाठ केलंत."

सिस्टरला ठसका लागला. बाइंडर मात्र कोर्टात उभा असल्यासारखा मुद्द्यावर मुद्दा मांडत गेला. काळोख आहे, हे त्याला कबूल होते. पण चिलखताकडे पाहा, ते हळूहळू हलके होत जाते. तलवार तर एकदा लोहाराच्या हाती गेली की पुन्हा दिसतच नाही. आणि सोबती शेकोटीभोवती एकेक करून वाढतात.

"वाढतात?" कोनाच्या भुवया वर गेल्या.

"बोलू दे त्यांना," मुलगी म्हणाली. मग बापाकडे वळून तिने हळूच विचारले, "आणि शेवटी काय उरतं?"

"दिवा. चढावरचं घर, दारात आई, तिच्या हातात दिवा. हा तिच्यापुढे एवढासा दिसतो. दिसणारच. इतकं चालून आलेला माणूस आईसमोर लहानच होतो. ती त्याच्याकडे बघून हसते, आणि गोष्ट संपते." त्याने टेबलावर बोट टेकवले. "याला सुटका नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?"

सिस्टर खाली पाहत राहिली. कोनाने चष्मा काढून पुसला.

"हे आम्हाला कधीच दिसलं नव्हतं, काका," तो म्हणाला. त्यात थट्टा नव्हती.

बाइंडरचा ऊर भरून आला. त्याने बांधलेला पहिला ग्रंथ हातात घेताना बायकोने ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिले होते, त्याच नजरेने आज मुलगी पाहत होती. तिने शेजारची खुर्ची ओढली.

"इथे बसा, बाबा. माझ्याजवळ."

तो बसला. त्याने आपला खंड सोनेरी नावाच्या बाजूने उघडला: राखेचे माळरान, काळे चिलखत, एकटा माणूस. समोर कोन आणि सिस्टरने आपापल्या जुन्या प्रती, उजवीकडून डावीकडे वाचायच्या मंगा उघडतात तशाच, पार दुसऱ्या टोकाने उघडल्या होत्या. त्यांच्या पहिल्याच पानावर चढावरचे घर होते, दारात दिवा घेतलेली आई होती, आणि तिच्यापुढे खरोखरच लहान असलेला एक मुलगा. बाइंडरने ते पान पाहिले. मग आपले पाहिले. तो काही बोलण्याआधीच मुलीने हात लांब करून दोन्ही प्रती मिटल्या आणि पालथ्या केल्या.

"थांबा," ती म्हणाली. "यंदा बाबांनी वाचलं तसं वाचू. शेवटाकडून सुरुवातीकडे."