वाढत्या अंगाचा फॉर्म

उद्याच्या शिबिरात रक्तदात्यांना डेंग्यूबद्दल विचारायचंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण रक्तपेढीचा जुना कॉम्प्युटर प्रोग्रॅम कुलूपबंद. फॉर्मवर एक रकाना वाढेल तर शपथ! रक्तपेढीतल्या इंद्रनीलने वैतागून तो प्रोग्रॅम बनवणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या उमराणीबाईंना फोन लावला.

“प्रश्नांच्या यादीला कुलूप नाही. तिच्यात शेवटी तुझा प्रश्न लिही आणि फॉर्म उघड,” बाई म्हणाल्या.

फॉर्मवर डेंग्यूचा प्रश्न हजर! शेजारी उत्तराचा रकानासुद्धा.

“कुलूप असताना हा रकाना आला कुठून, बाई?”

“कुलूप लावण्याआधीच जास्तीचे रकाने लपवून ठेवले होते. पोरीचा फ्रॉक वाढत्या अंगाचा शिवतात ना, तसं.”

“पण डेंग्यूचं तेव्हा कसं सुचलं?”

“छे रे! माझं काहीतरी विचारायचं राहिलं असणार, एवढंच ठाऊक होतं.”

बाई समोर नव्हत्या, तरी इंद्रनील उठून उभा राहिला.