छत बसलं

"स्फोट झाला. छत बसलं," संगणक म्हणाला.

भुयारी निवाऱ्याची चाचणी घेणारी वृंदा पेडणेकर आणि तो बांधून घेणारे भाऊसाहेब टिळेकर एकमेकांकडे बघत राहिले. खरा बॉम्ब जमिनीत पुरून, फोडून पाहायची सोय आता राहिली नव्हती. निवारा टिकेल की नाही, हे पडद्यावरच्या स्फोटातच ठरायचं. आकडे ऐकून लोक घाबरतात, म्हणून टिळेकरांनीच संगणकाला गवंड्यांची बोली शिकवली होती. बाहेर वस्तीतली माणसं आत राहायला जाण्यासाठी खोळंबली होती. त्यांत वृंदाची आई होती, गादीच्या वळकटीवर बसलेली.

"बसलं म्हणजे घट्ट बसलं. डब्याचं झाकण बसतं तसं," टिळेकर म्हणाले. त्यांच्या हातात उद्घाटनाचा नारळ होता, आणि नारळ हातात असला की माणसाला शुभच ऐकू येतं.

"भाऊसाहेब, भिंत बसली म्हणजे पडली, असंही म्हणतात."

"पोरी, तुला मेलीला सगळीकडे पडझडच दिसते!" ते संगणकाकडे वळले. "काय रे, नीट बसलं ना?"

"एकदम नीट."

टिळेकर हसले. वृंदा आणखीच गोंधळली. नीट टिकलं, की नीट पडलं?

"आणि पडद्यावरच्या निवाऱ्यातली माणसं?" तिने विचारलं.

"तीही बसली."

"ऐकलंस? बाकांवर बसली!" टिळेकरांनी नारळ फोडायला हात उचलला.

"मग उठली का?"

"उठतील कशी, ताई? उठायला उंचीच उरली नाही."

टिळेकरांचा हात नारळासकट वरच राहिला. वृंदा धावत बाहेर गेली.

"आई, ऊठ," ती म्हणाली. "वळकटी घे आणि घरी चल."