रिद्धीसाठी समुद्र

"अहो, वर गेली बघा ती!" हेमलता म्हणाली, आणि अभयकुमारांनी डोळे गच्च मिटून घेतले.

मालवणच्या किनाऱ्यावर एक बोट सुसाट पळत होती, तिच्यामागे रंगीत छत्री उडत होती आणि छत्रीला त्यांची एकुलती एक मुलगी रिद्धी लटकत होती. कल्पना त्यांचीच. जळगावात भांड्यांचं दुकान चालवणारा हा माणूस आजवर मेहरूणच्या तलावातल्या बोटीतही कधी बसला नव्हता. आता मात्र तो डॉल्फिन, प्रवाळ, पाण्याखालचे मासे यांच्यामागे उन्हातान्हात धावत होता. अगदी नाकी नऊ आले होते.

याला कारण घडलं होतं जळगावच्या जैन स्थानकात. व्याख्यान संपल्यावर महासतीजींनी त्यांना थांबवलं होतं. "अभयकुमारजी, तुमच्या घरात वैराग्याचा भाव जागलाय. वेळ आली की आज्ञा द्यायला कचरू नका."

एवढंच बोलून त्या आत गेल्या. साध्वींना खोदून विचारायची रीत नाही, आणि अभयकुमारांना विचारायची हिंमतही नव्हती. विचारायचं तरी काय? तेवीस वर्षांची रिद्धी रोज सकाळी आईबरोबर स्थानकात जायची. चांगली दोन स्थळं तिने "आत्ता नको" म्हणून परत पाठवली होती. घरच्यांच्या आज्ञेशिवाय दीक्षा होत नाही हे खरं, पण मागितलेली आज्ञा नाकारून समाजात तोंड कसं दाखवायचं? आणि दिली, तर केस उतरवून पोरगी पांढऱ्या वस्त्रात जाणार, जन्मभर अनवाणी गावोगाव फिरणार आणि बापाने दुरून हात जोडायचे.

त्यांनी घरात विषयच काढला नाही. नाव काढलं की पक्कं होईल, असं त्यांना वाटे. त्यापेक्षा पोरीला जग दाखवावं. एकदा जगाची गोडी लागली की कोण कशाला सोडतंय! त्यांनी समुद्राचं नाव काढलं तेव्हा हेमलता लगेच म्हणाली, "जाऊ या. मलाही एकदा बघायचाच होता."

पण इथे आल्यावर तिने वैताग आणला. बोटीत बसायची नाही, लाटेत पाय घालायची नाही. पाण्यात जीव असतात म्हणे. उकळलेलं पाणी मुक्कामावरून डब्यात भरून आणलेलं. सगळे भेळ खात असताना ही वाळूवर आसन टाकून सामायिकाच्या ध्यानाला बसणार. वर तापल्या वाळूत अनवाणी चालणार.

"चप्पल घाल ना! पाय भाजतील."

"असू द्या. बरं वाटतं."

अभयकुमारांनी कपाळावर हात मारला. "तू अशी वागतेस, म्हणून पोरीच्या डोक्यात नको ते भरतं!"

हेमलताने आसनावरची वाळू झटकली. "रिद्धी समजूतदार आहे," एवढंच म्हणाली.

"तीच तर भीती आहे!"

नरडाण्याचा ईश्वर, त्यांचा ड्रायव्हर, गाडीला टेकून उभा होता. त्याचं वेगळंच. "भाऊ, बठ्ठं पानीच पानी शे, पन पेवाले घोटभर बी नही. काय कामनं?"

"तू गप रे!" अभयकुमार खेकसले.

रिद्धी छत्रीवरून उतरली ती खिदळतच. खरं तर बापाला बरं वाटायला हवं होतं, पण त्यांची धाकधूक वाढली. शेवटचं म्हणून मन भरून घेत असेल का? ती गप्प बसली तरी धसका, हसली तरी धसका.

एकच गोष्ट आशेची घडली. दुसऱ्या दिवशी रिद्धीच्या हातात आईच्या सोन्याच्या बांगड्या दिसल्या. "मम्मीने दिल्या," ती म्हणाली. पोरगी नटायला लागली! अभयकुमारांनी खुशीत तिला आणखी एकदा बोटीत बसवलं. रात्री तिने आपण होऊन विचारलं, "पप्पा, तुमची बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर?" तेव्हा तर त्यांचे डोळेच भरून आले. इतकी माया असलेली पोरगी घर सोडेल कशी?

परतताना नाशिकचा मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी धुळ्याजवळ ईश्वरने गाडी हॉटेलपाशी घेतली. सूर्य मावळायच्या आत हेमलताचं जेवण व्हायला हवं होतं. ती हात धुवायला गेली. आता जळगाव फार लांब नव्हतं. घरी पोचलं की उद्या सकाळी पुन्हा स्थानक. अभयकुमारांचा धीर सुटला.

"रिद्धी, तू जाऊ नकोस गं," ते एकदम म्हणाले. "महासतीजींनी मला सांगितलंय सगळं. तू दीक्षा घेतलीस तर मी कुणाकडे बघून जगू?"

रिद्धी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिने हात धुवायला गेलेल्या आईच्या दिशेने एकदा पाहिलं. मग तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"पप्पा, मी कुठेच जात नाहीये. मी दीक्षा घेणार नाही. तुमच्याजवळच राहणार आहे."

"शप्पथ?"

"शप्पथ."

अभयकुमार भर हॉटेलात लहान मुलासारखे रडले, आणि रडता रडता हसले. उगाच जिवाला घोर लावून घेतला! त्यांनी वेटरला हाक मारून सगळ्यांना गुलाबजाम सांगितले, ईश्वरला दोन प्लेट. हेमलता पदराला हात पुसत येताना दिसली, तसे ते तिथूनच ओरडले, "ऐकलंस का? रिद्धी घरीच राहणार आहे!"

हेमलता त्यांच्यासमोर येऊन बसली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"मला तिने केव्हाच सांगितलंय," ती म्हणाली. "तुम्हाला सांभाळायला ती आहे, म्हणून तर मला धीर आला. आता मला हसत आज्ञा द्या."