कुंकू लावलेली डिस्क

"कुंकवाचं बोट लागलं आहे ना, तीच बाबांची," अनिमेष म्हणाला. "तीच पुसायची."

बूढापारा मोहल्ल्यातल्या निरंजनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात टेबलावर दोन डिस्क होत्या. कंपनी एक, माप एक, वय एक. गेल्या दसऱ्याला अनिमेषच्या वडिलांनी, यशवंतरावांनी, घरातल्या हत्यारांबरोबर आपल्या डिस्कलाही कुंकू लावलं होतं. होळीच्या आत ते गेले. त्यांनी आपल्या आवाजात भरून ठेवलेली भजनं आणि गप्पा तेवढ्या तिच्यात राहिल्या. दुसरीत अनिमेषचे सिनेमे होते.

"एकदा ऐकून खात्री करू?" निरंजनने विचारलं.

"नको, भैया. मले नाही ऐकवत. मी मंत्रालयात जातो, आई दिवसभर तेच ऐकत बसून राहते. जेवत नाही. थांबलं पाह्यजे हे."

अनिमेषची आई वनमालाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर पदराआड हात घेऊन बसल्या होत्या. डिस्कची पिशवी घरून त्यांनीच भरून आणली होती. निरंजन त्यांच्याकडे वळला.

"काकू, पुसलेलं परत येत नाही. तुमचं काय म्हणणं?"

"पोट्टा म्हणते तसं करा."

निरंजनने दोन्ही डिस्क आपल्या मशीनला जोडल्या. पडद्यावर मशीनने दिलेली नावं आली: कुंकवाची एसडीबी, दुसरी एसडीसी. तेवढ्यात लाइट गेली. परत आल्यावर त्याने मशीन सुरू केलं, तर नावांची अदलाबदल झालेली. अनिमेषचा चेहरा उतरला.

"नावावर जायचंच नाही," निरंजन म्हणाला. "मशीन सुरू होताना जी आधी जागी होते तिले पहिलं नाव. सिरीयल नंबर मात्र बदलत नाही."

कुंकवाच्या डिस्कवरचा नंबर त्याने पडद्यावरच्या नंबराशी दोनदा ताडून पाहिला. बोटाला कुंकू लागलं, ते त्याने पँटीला पुसलं. आता ती एसडीसी होती. त्याने पुसायला लावली.

अनिमेषला बघवेना. "तुह्यासाठीच करून राहिलो, आई," एवढं म्हणून तो डोळे टिपत रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

काम आटोपलं. उरलेली डिस्क शाबूत आहे ना, हे बघायला निरंजनने तिच्यातली पहिली फाइल उघडली. सिनेमा लागला नाही. कुणी म्हातारा माणूस घसा खाकरून म्हणाला, "वनमाला, ऐकून राहिली ना?"

"हव," वनमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराआडून हात काढला. अंगठा कुंकवाने लाल होता.