पहिला कंस रिकामा

“माय, पहिला फटका कुणी मारला?”

“बसला त्याच्या डोक्यात. किती इचारशील गं?” सरुबाईनं तोंड फिरवलं.

आता काय म्हणावं या पोरीला! भाऊ धाराशिवच्या दवाखान्यात बेशुद्ध, आणि पौर्णिमा ढोकीच्या घरात भरदुपारी लॅपटॉप उघडून आकृती काढतेय. पण पुण्याच्या कंपनीसाठी ती रोज हेच करते. प्रोग्रामचा कुठला भाग कुठल्या भागाला हाक देतो, ते लाटेकमध्ये लिहायचं. लाटेक ही छपाईची भाषा. आपण नुसतं लिहायचं, उभ्या रेघा ती ओढते आणि एका रेघेकडून दुसरीकडे बाण सोडते. आधी घडलेलं वर, नंतरचं खाली. प्रत्येक बाणाला तीन कंस भरावे लागतात: कुणाकडून, काय, कुणाला.

कालची मारहाण एकट्या सरुबाईनं पाहिली होती. ती अशी मांडून उद्या वकिलाला द्यायची होती. रेघांवर दोन नावं होती, शेजारच्या बांधाचा रणधीर आणि तिचा भाऊ अमरदीप. पाच फटके, पाच बाण. ‘काय’मध्ये लोखंडी पाना. ‘कुणाला’मध्ये अमरदीप. पहिला कंस मात्र पाचही ठिकाणी रिकामा, आणि लाटेक चूक दाखवून अडून बसली होती.

“नाव घे की, माय. तुझ्या तोंडून आल्याबिगर म्या भरणार न्हाय.”

“त्याच्याच बांधावरनं जायचंय मला रोज. तू जाशील पुण्याला.”

तेवढ्यात दार ढकलून शांतलिंग अप्पा आले. गावातली भांडणं मिटवणारा मोठा माणूस. एका हातात टाइप केलेला कागद, दुसऱ्यात अंगठ्याच्या शाईची डबी. मागून रणधीर, चपला घालूनच आत.

“सरुबाई, अंगठा टेका. मिटवून टाकू.”

पौर्णिमानं कागद मोठ्यानं वाचला. “‘उसाची ट्रॉली दारातून काढण्यावरून बाचाबाची झाली व अमरदीप यास मार लागला.’ लागला? अप्पा, मार काय आपोआप लागतो व्हय?”

“कागदाची भाषा आसती पोरी ती.”

“माझी बी कागदाचीच भाषा हाय. ती इचारती, कुणाकडून?”

सरुबाईचा अंगठा तोवर शाईत बुडालाही होता. भ्याली होती बिचारी. एक पोरगं दवाखान्यात, दुसरं गमवायचं नव्हतं तिला.

रणधीर वाकला. पडद्यावर त्याला आपलं नाव दिसलं.

“माझं नाव कशाला घातलं गं?”

पौर्णिमाची बोटं कळांवरच होती. त्यानं दोन्ही हातांनी झाकण खाली हाणलं. काडकन आवाज आला. तिनं हात ओढायच्या आत त्यानं झाकण उचलून पुन्हा हाणलं, वर गुडघा रोवला आणि सगळा भार टाकला. पौर्णिमा अशी किंचाळली की आळीतली माणसं धावत दारात आली. त्यानं गुडघा काढला तेव्हा दोन बोटं उलटी वळली होती आणि कळांवर रक्त सांडलं होतं.

“अरे अरे,” अप्पा म्हणाले, “बोटं सापडली की पोरीची!”

सापडली म्हणे! असल्या माणसाच्या जिभेला काय म्हणावं?

सरुबाई उठली. रणधीरला खांद्यानं बाजूला सारून ती चुन्याच्या भिंतीपाशी गेली आणि शाईचा अंगठा भिंतीवर दाबला.

“हा रणधीर.”

हातभर अंतरावर दुसरा ठसा. “ही माझी पोर.”

मग पहिल्या ठशावर अंगठा ठेवून तिनं दुसऱ्यापर्यंत जाड रेघ ओढली. रणधीर तिच्यावर धावला. दारातल्या दोघांनी त्याला कमरेला धरून मागं खेचलं.

“पोरी, टोक कुणाकडं करू?”

पौर्णिमानं मोडलेली बोटं छातीशी धरली होती. कण्हतच ती म्हणाली, “ज्याला मारलं, त्याच्याकडं.”

सरुबाईनं टोक काढलं. परत येऊन डबीत अंगठा खोलवर दाबला.

“सरुबाई, इचार करा,” अप्पा म्हणाले.

“आता कालचे पाच,” ती दारातल्या माणसांना म्हणाली, आणि भिंतीवर रणधीरच्या ठशाच्या वरच्या बाजूला पुन्हा अंगठा टेकवला. “पाचीच्या पाची हितनंच निघाल्यात.”