दुसऱ्या कडव्यातला हुंदका

तिनं नव्यानं गायलेलं ते जुनं गाणं लोकांनी अगदी डोक्यावर घेतलं. “मूळ गाण्यापेक्षा काकणभर सरसच!” हे ऐकून फुशारलेली ती, मूळ गाणं गायलेल्या म्हाताऱ्या बाईंकडे शाबासकी घ्यायला गेली. बाईंनी डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं.

“दुसऱ्या कडव्यातला हुंदका जमलाय ना, बाई? अगदी तुमच्यासारखा?” आरशासमोर बसून तिनं तो घोटून घोटून बसवला होता.

“तो गाण्यात नव्हताच गं. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी माझी तान्ही लेक गेली होती. तिथं आल्यावर मला आवरलंच नाही.”

तिची मान खाली गेली. तिलाही भरून आलंय असं वाटून बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“तुझं कोण गेलं गं, बाळा?”